नव्या कॅमेऱ्याचा मेनू लावताना: आधी काय, नंतर काय आणि परत जागेवर काय

फोटो बिघडतात म्हणून कोणी कॅमेरा दाखवायला आणला, की मी फोटो नंतर बघतो, आधी मेनू उघडतो. चूक बहुतेक वेळा तिथेच सापडते. ती सेटिंग मुळात चुकीची असते असंही नाही. काल रात्री अंधारात आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ते सांगणारा आकडा) ६४०० वर नेला होता, तो तेव्हा योग्यच होता. आज भर उन्हात तो तसाच राहिला आणि सगळे फोटो दाणेदार आले.

म्हणून मेनूकडे बघताना सेटिंग्जचे दोन गट करा. काही सेटिंग्ज एकदाच लावायच्या आणि विसरून जायच्या. काही मात्र प्रसंगानुसार बदलायच्या आणि काम झालं की परत जागेवर आणायच्या. या दुसऱ्या गटातल्या प्रत्येक सेटिंगची एक 'मूळ जागा' ठरलेली असली पाहिजे. ती ठरवणं हेच या लेखाचं काम. पायऱ्यांचा क्रम मोडू नका, कारण पुढची पायरी बरेचदा मागचीवर उभी असते.

## तयारी

निवांत तासभर काढा. बॅटरी पूर्ण चार्ज करा. कार्डावरचे फोटो संगणकावर उतरवून घ्या, जमल्यास दोन ठिकाणी. लेन्सच्या बाजूला एएफ (फोकस कॅमेरा धरतो) आणि एमएफ (फोकस हाताने धरायचा) अशी कळ असेल तर ती एएफवर आहे ना ते बघा. तिथे धक्का लागून एमएफ झालेलं असतं आणि माणूस मेनूत फोकसची सेटिंग शोधत बसतो.

कॅमेऱ्याच्या मॉडेलची पुस्तिका मोबाइलवर उतरवून ठेवा. एकाच गोष्टीला प्रत्येक कंपनी वेगळं नाव देते. स्थिर विषयावर फोकस धरण्याच्या पद्धतीला कॅनन 'वन शॉट' म्हणते, निकॉन आणि सोनी 'एएफ-एस' म्हणतात. अशा वेळी पुस्तिकेत शब्द शोधला की पान सापडतं.

## पायरी १: मेनूला हात लावण्याआधी

व्ह्यूफाइंडर असेल तर त्याच्याशेजारी डायऑप्टरचं एक छोटं चाक असतं. डोळा लावा आणि ते फिरवून व्ह्यूफाइंडरमधले आकडे स्पष्ट करा. समोरच्या दृश्याकडे बघून ते लावू नका, आकड्यांकडेच बघा. चष्मा घालून फोटो काढणार असाल तर चष्मा घालूनच लावा. हे चाक चुकलेलं असेल तर फोकस बरोबर असूनही दृश्य अंधुक दिसतं आणि सगळा दोष लेन्सच्या माथी जातो.

मग मोड डायल हिरव्या ऑटोवरून काढून 'पी' वर ठेवा. सर्वांत जास्त वेळ वाया जातो तो इथे. ऑटोमध्ये कॅमेरा बरेचसे निर्णय स्वतःकडे ठेवतो, त्यामुळे अर्धा मेनू दिसतच नाही किंवा पुसट दिसतो. लोकांना वाटतं आपल्या कॅमेऱ्यात ही सोयच नाही. 'पी' मध्ये छिद्र (लेन्समधली उजेडाची वाट किती मोठी) आणि शटर स्पीड (उजेड किती वेळ आत येतो) कॅमेराच निवडतो, पण बाकी मेनू तुमच्या हाती येतो.

काही प्राथमिक कॅमेऱ्यांत मेनू चित्रांसह समजावून सांगणाऱ्या 'गाइडेड' रूपात असतो. तो साध्या रूपात आणा. सुरुवातीला अवघड वाटेल, पण पुस्तिकेतली नावं त्याच रूपाशी जुळतात.

तपासा: कॅमेरा आधी दुसऱ्या कोणी वापरलेला असेल, तर याच क्षणी मेनूतून सगळ्या सेटिंग्ज रिसेट करा. नंतर रिसेट केलंत तर पुढची सगळी मेहनत पुसली जाईल.

## पायरी २: एकदाच लावायच्या सेटिंग्ज

तारीख, वेळ आणि टाइम झोन आधी. प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये ही नोंद जाते. दोन कॅमेऱ्यांचे किंवा मोबाइलचे फोटो एकत्र केले की एका कॅमेऱ्याचं घड्याळ चुकल्यामुळे सगळा क्रम विस्कटतो. बॅटरी बरेच दिवस काढून ठेवली असेल तर घड्याळ पुन्हा तपासा.

त्यानंतर कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, संगणकावर नको. कॅमेरा स्वतःला हवे तसे फोल्डर कार्डावर मांडतो आणि पुढे कार्ड वाचताना अडचणी कमी येतात.

सावधान: डिलीट करताना 'प्रोटेक्ट' केलेले फोटो वाचतात, फॉरमॅट करताना वाचत नाहीत. कॅमेरा 'कार्ड लॉक आहे' म्हणत असेल तर एसडी कार्डाच्या कडेची सरकती पट्टी बघा, ती खाली आलेली असते.

आता एक दुर्लक्षित सेटिंग: कार्ड नसताना शटर दाबता यावं की नाही. अनेक कॅमेऱ्यांत कंपनीकडून ही मुभा चालू असते. कार्ड संगणकात राहिलं तरी कॅमेरा टकटक करत राहतो, पडद्यावर फोटो दाखवतोही, पण साठवत काहीच नाही. कॅननमध्ये 'रिलीज शटर विदाउट कार्ड' बंद करा, निकॉनमध्ये 'स्लॉट एम्प्टी रिलीज लॉक' लावा. इतर कंपन्यांतही याच अर्थाचा पर्याय शोधा. माझ्या मते अख्ख्या मेनूतली सर्वांत स्वस्तात मोठं नुकसान वाचवणारी सेटिंग हीच.

फाइल नंबरिंग 'कंटिन्युअस' ठेवा. नाहीतर दर फॉरमॅटनंतर आकडे ०००१ पासून सुरू होतात आणि संगणकावर एकाच नावाच्या दोन फाइल्स एकमेकींवर बसतात. सलग क्रमांक ९९९९ नंतर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतातच, म्हणून फोटो तारखेच्या फोल्डरमध्ये उतरवायची सवय लावा.

पडद्याची ब्राइटनेस ऑटोवर किंवा कमाल पातळीवर ठेवू नका, मध्यावर स्थिर करा. रात्री अंधारात झगझगीत पडद्यावर कमी उजेडाचा फोटोही छान दिसतो. दुसऱ्या दिवशी संगणकावर तो काळाठिक्कर निघतो. पडद्यावर जाळीच्या रेषा चालू करा, क्षितिज सरळ राखायला मदत होते. बीपचा आवाज बंद. फोटो काढल्यावर तो दिसण्याचा वेळ २ सेकंद पुरे. आपोआप बंद होण्याचा वेळ १ मिनिट.

## पायरी ३: फाइल कशी साठवायची

आकार नेहमी सर्वांत मोठा, म्हणजे 'एल'. दर्जा 'फाइन'. जागा वाचवायला आकार लहान करू नका. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा ६००० गुणिले ४००० पिक्सेलचा फोटो देतो. तोच लहान आकारात ३००० गुणिले २००० केला तर एक चतुर्थांश पिक्सेल उरतात. इंचाला ३०० पिक्सेल धरले तर त्यातून साधारण १० इंच रुंदीचाच उत्तम प्रिंट निघतो, आणि फोटोचा एखादा भाग कापून मोठा करायचा झाला तर हातात काहीच राहत नाही. लहान फाइल नंतर कधीही करता येते, उलट मात्र होत नाही.

रॉ की जेपेग? रॉ म्हणजे उजेड टिपणाऱ्या सेन्सरवरची कच्ची माहिती, जेपेग म्हणजे कॅमेऱ्याने तयार करून दिलेला फोटो. नवशिक्याने 'रॉ अधिक जेपेग' ठेवावं. जेपेग लगेच पाठवता येतो, रॉ नंतर शिकण्यासाठी राहतो. आज रॉ उघडता येत नसेल तरी वर्षभराने येईल, आणि तेव्हा आजचे फोटो हाताशी असतील. कार्ड लवकर भरतं, ही किंमत द्यावी लागते.

रॉ म्हणजे मात्र सगळं सुधारता येतं असं नाही. व्हाइट बॅलन्स (दिव्याच्या रंगानुसार पांढरं पांढरं दिसावं म्हणून केलेली जुळणी) आणि रंगाची शैली नंतर बदलता येते. हुकलेला फोकस, हललेला हात आणि पार पांढरा पडलेला उजेड रॉमध्येही परत येत नाही.

कलर स्पेस, म्हणजे फाइलमध्ये किती रंग सामावतात ते, 'एसआरजीबी'. 'अडोबी आरजीबी' जास्त रंग सामावतो, पण ज्या पडद्यांना किंवा ॲपना तो नीट कळत नाही तिथे फोटो मळकट दिसतो.

तपासा: एक फोटो काढून संगणकावर फाइलचं नाव बघा. नावाची सुरुवात अधोरेषेने होत असेल तर कॅमेरा अडोबी आरजीबीवर आहे.

लांबी-रुंदीचं प्रमाण सेन्सरचं मूळ तेच ठेवा, बहुतेक कॅमेऱ्यांत ३:२ आणि 'मायक्रो फोर थर्ड्स' या लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यांत ४:३. चौरस किंवा १६:९ निवडलं तर जेपेगमधला बाहेरचा भाग कायमचा जातो.

## पायरी ४: रंग

व्हाइट बॅलन्सची मूळ जागा 'ऑटो'. आजचे कॅमेरे दिवसाच्या उजेडात ऑटोवर क्वचितच चुकतात. चुकतात ते दोन ठिकाणी. सूर्यास्ताचा तांबूस उजेड कॅमेऱ्याला दोष वाटतो आणि तो धुऊन टाकतो. तिथे 'डेलाइट' लावा, म्हणजे सुमारे ५२०० ते ५५०० केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप). घरातल्या पिवळ्या दिव्यांत फोटो फारच पिवळा येत असेल तर 'टंगस्टन', सुमारे ३२०० केल्विन.

काम संपलं की परत ऑटो. टंगस्टनवर राहिलेल्या कॅमेऱ्याने मी एकदा अख्खी सकाळ फोटो काढले होते, तेही फक्त जेपेगमध्ये. सगळे निळे. थोडे सावरले, पण त्वचेचा रंग काही केल्या परत आला नाही. त्या दिवसापासून कॅमेरा पिशवीतून काढल्यावर माझी नजर आधी व्हाइट बॅलन्सच्या चिन्हाकडे जाते.

रंगशैलीला कॅनन 'पिक्चर स्टाइल' म्हणते, निकॉन 'पिक्चर कंट्रोल', फुजीफिल्म 'फिल्म सिम्युलेशन'. मूळ जागा 'स्टँडर्ड', फुजीफिल्मवर 'प्रोव्हिया'. 'व्हिविड' पडद्यावर मोहात पाडतो, पण लाल-पिवळ्या कपड्यांवरच्या घड्या आणि पोत गिळून टाकतो.

सावधान: फक्त जेपेग चालू असताना 'मोनोक्रोम' लावू नका. रंग कायमचे जातात. रॉ सोबत असेल तर जेपेग कृष्णधवल येतो आणि रॉमध्ये रंग शाबूत राहतात.

## पायरी ५: आयएसओ, जिथे खरं कौशल्य आहे

बहुतेकांना दोन टोकांचे सल्ले मिळालेले असतात. कोणी सांगतं आयएसओ कायम १०० ठेव, कोणी सांगतं ऑटोवर सोडून दे. पहिल्याने घरात काढलेले फोटो हलतात, दुसऱ्याने ते कधीकधी दाण्यांनी भरतात. उपाय मधला आहे: आयएसओ ऑटो ठेवायचा, पण त्याला वरची मर्यादा घालायची.

ही मर्यादा दुसऱ्याच्या सल्ल्याने ठरवू नका, स्वतःच्या डोळ्यांनी ठरवा. संध्याकाळी घरातल्या दिव्यात पुस्तकांचं कपाट किंवा बारीक नक्षीचं कापड समोर ठेवा. आयएसओ हाताने ८००, १६००, ३२००, ६४०० आणि १२८०० असा वाढवत एकेक फोटो काढा. मग संगणकावर बघा, पण तुम्ही फोटो नेहमी ज्या आकारात बघता त्याच आकारात. शंभर टक्के मोठा करून बघितलं तर प्रत्येक कॅमेरा वाईट दिसतो. जिथपर्यंत अक्षरं आणि पोत तुम्हाला चालण्यासारखा वाटतो, तो आकडा तुमची मर्यादा. प्राथमिक कॅमेऱ्यांवर ती बरेचदा ३२०० किंवा ६४०० निघते.

त्याच मेनूत 'किमान शटर स्पीड' नावाची जागा असेल तर ती जरूर भरा. कॅमेरा आयएसओ वाढवायला कधी सुरुवात करेल ते ही ठरवते. बसलेल्या माणसांसाठी १/१२५ सेकंद, चालणाऱ्यांसाठी १/२५०, धावणाऱ्या मुलांसाठी १/५००. मूळ जागा १/१२५. काही प्राथमिक कॅमेऱ्यांत ही जागा नसते. तिथे हलणारा विषय असेल तेव्हा डायल शटर-प्राधान्यावर न्या, म्हणजे 'एस' किंवा कॅननवर 'टीव्ही', आणि स्पीड स्वतः निवडा.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. आयएसओ वरच्या मर्यादेला टेकला आणि तरी उजेड अपुरा असेल, तर कॅमेरा तुमचा किमान स्पीडही मोडून खाली जातो. म्हणून अंधारात व्ह्यूफाइंडरमधला शटर स्पीडचा आकडा वाचत राहा. १/१५ वगैरे दिसलं तर टेकू शोधा, खिडकीजवळ सरका किंवा तेवढ्यापुरती मर्यादा वाढवा. दाणेदार फोटो बघता येतो, हललेल्या फोटोचं काहीच करता येत नाही.

'हाय आयएसओ नॉइज रिडक्शन', म्हणजे दाणे पुसण्याची सोय, स्टँडर्ड किंवा लो. 'हाय' वर ठेवलं की जेपेगमधले चेहरे मेणाचे दिसू लागतात.

## पायरी ६: फोकस

इथे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि लोक ते एकत्र करतात. फोकस एकदा धरायचा की सतत धरत राहायचा, हा एक. चौकटीत कुठे धरायचा, हा दुसरा.

पहिल्याचं उत्तर मूळ जागेला 'एएफ-एस' किंवा 'वन शॉट'. बटण अर्धं दाबलं की फोकस ठरतो आणि बोट उचलेपर्यंत तिथेच राहतो. विषय हलता असेल तर 'एएफ-सी', कॅननवर 'सर्व्हो'. तिसरा पर्याय 'एएफ-ए' किंवा 'एआय फोकस', ज्यात कॅमेरा स्वतः ठरवतो. तो नवशिक्यांसाठी सोयीचा वाटतो, पण माझ्या मते टाळावा. कॅमेऱ्याने काय ठरवलं ते कळत नाही, आणि चूक कशामुळे झाली हे कळलं नाही तर शिकणंही होत नाही.

नेमकी कुठली चूक होते ते बघा. 'एएफ-सी' चालू राहिलेला असतो. माणूस मधल्या बिंदूने चेहऱ्यावर फोकस धरतो, मग चौकट बदलून चेहरा एका बाजूला घेतो आणि बटण दाबतो. तेवढ्यात कॅमेऱ्याने मधल्या बिंदूखाली आलेल्या भिंतीवर फोकस नेलेला असतो. भिंत सुरेख, चेहरा अंधुक.

दुसऱ्याचं उत्तर: एक बिंदू, 'सिंगल पॉइंट'. सगळे बिंदू मोकळे सोडले तर कॅमेरा बरेचदा सर्वांत जवळची वस्तू पकडतो. फुलाऐवजी पुढचं पान, माणसाऐवजी पुढची खुर्ची. कॅमेऱ्यात डोळे ओळखण्याची सोय असेल आणि तुम्ही माणसांचे फोटो काढत असाल तर ती चालू करा, तिथे ती एका बिंदूपेक्षा सरस काम करते.

तपासा: फोटो अंधुक आला तर मोठा करून नीट बघा. विषयाच्या पुढचं किंवा मागचं काही स्पष्ट असेल तर फोकस चुकला आहे. सगळंच एका दिशेने ओढल्यासारखं दिसत असेल तर हात हलला. मागचं स्पष्ट आणि माणसाचे हातपाय पुसट असतील तर शटर स्पीड कमी पडला. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत, म्हणून हे ओळखल्याशिवाय मेनू उघडू नका.

## पायरी ७: उजेडाचं मोजमाप

मीटरिंग, म्हणजे कॅमेरा उजेड कुठून मोजतो ते, सगळ्या चौकटीचं ठेवा: कॅननवर 'इव्हॅल्युएटिव्ह', निकॉनवर 'मॅट्रिक्स', सोनीवर 'मल्टी'. 'स्पॉट' वर चुकून राहिलं तर लागोपाठच्या दोन फोटोंत जमीन-अस्मानाचा फरक येतो: बिंदू काळ्या केसांवर पडला की फोटो पांढराफटक, पांढऱ्या सदऱ्यावर पडला की काळवंडलेला.

एक्सपोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड हाताने कमी-जास्त करणं, शून्यावर. पांढरा विषय चौकट भरून असेल तर +१ च्या आसपास, काळा असेल तर −१ च्या आसपास. अनेक कॅमेऱ्यांत कॅमेरा बंद केला तरी हा आकडा पुसला जात नाही. ड्राइव्ह मोड 'सिंगल', म्हणजे एका दाबाला एकच फोटो.

## पायरी ८: जे बंद ठेवायचं

डिजिटल झूम बंद. तो फक्त मधला तुकडा कापून मोठा करतो, आणि ते नंतर संगणकावरही जमतं. पेंटिंग, टॉय कॅमेरा वगैरे इफेक्ट बंद. काही कॅमेऱ्यांत ते चालू असले की रॉ मिळतच नाही, आणि मग पायरी ३ मधला पर्याय पुसट का दिसतो ते कळत नाही.

'लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन' सध्या बंद. ते चालू असताना ३० सेकंदांचा फोटो काढला की कॅमेरा आणखी तेवढाच वेळ अडकून बसतो. बंद पडला समजून बॅटरी काढणारे लोक मी पाहिले आहेत.

आवाज न करणारा इलेक्ट्रॉनिक शटर मूळ जागेला नको. वेगाने हलणारी वस्तू त्यात तिरकी होते, आणि ट्यूब किंवा एलईडी दिव्यांखाली फोटोवर आडवे पट्टे येतात. मेकॅनिकल शटर वापरूनही दिव्यांखाली एकेका फोटोचा उजेड वेगळा येत असेल तर 'अँटी-फ्लिकर' चालू करा. ती सोय नसेल तर शटर स्पीड विजेच्या वारंवारतेशी जुळवा: ५० हर्ट्झ असेल तिथे १/५० किंवा १/१००, ६० हर्ट्झ असेल तिथे १/६० किंवा १/१२५.

लेन्समधलं स्टॅबिलायझेशन (हाताचा कंप सावरणारी सोय) हातात धरताना चालू. ट्रायपॉडवर बंद करा, लेन्स स्वतः ट्रायपॉड ओळखणारी नसेल तर.

## पायरी ९: चाचणी आणि साठवण

आता प्लेबॅकच्या मेनूत 'हायलाइट अलर्ट' चालू करा. पांढरा पडलेला भाग लुकलुकतो. हिस्टोग्राम, म्हणजे डावीकडे काळोख आणि उजवीकडे उजेड दाखवणारा आलेख, तोही दिसू द्या. आलेख उजव्या भिंतीला चिकटला असेल तर उजेड जास्त झाला. रॉ काढत असलात तरी पडद्यावरचा हिस्टोग्राम जेपेगवरून बनतो, म्हणून स्टँडर्ड शैली ठेवण्याचा इथेही फायदा होतो.

तीन फोटो काढा: खिडकीजवळ एखादी स्थिर वस्तू, घराच्या आत बसलेला माणूस, बाहेर चालणारा माणूस. प्रत्येकाची माहिती उघडून शटर स्पीड, आयएसओ आणि फाइलचा आकार वाचा. तिसऱ्या फोटोआधी फोकस आणि किमान स्पीड बदलायला विसरलात तर चाचणी नापास. पुन्हा करा.

जमलं की डायलवर 'सी१' किंवा 'यू१' (स्वतःची मांडणी साठवायच्या जागा) असेल तर ही सगळी मांडणी तिथे साठवा. नसेल तर 'माय मेनू' मध्ये फक्त बदलत्या सेटिंग्ज एकत्र आणा: आयएसओची मर्यादा, किमान शटर स्पीड, व्हाइट बॅलन्स, फोकसची पद्धत, मीटरिंग, फाइलचा दर्जा. पाच-सहापेक्षा जास्त नकोत, नाहीतर तोही एक मोठा मेनूच होईल.

काम संपल्यावर कॅमेरा पिशवीत टाकण्याआधी हा क्रम फिरवा: डायल 'पी' वर, एक्सपोजर कॉम्पेन्सेशन शून्य, व्हाइट बॅलन्स ऑटो, आयएसओ ऑटो, किमान शटर स्पीड १/१२५, फोकस 'एएफ-एस', ड्राइव्ह सिंगल, लेन्सवरची कळ एएफ. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. पुढच्या वेळी समोर काही घडत असेल आणि कॅमेरा घाईत बाहेर काढाल, तेव्हा तो कुठल्या सेटिंगवर आहे हे न बघताही तुम्हाला माहीत असेल.